कोपराचे संधिकाठिण्य आणि शस्त्रकर्माच्या व्यापदा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

दुखापतीनंतर आखडण्याची प्रवृत्ती ज्या सांध्यांत विशेष असते, त्यांत कोपराचा क्रमांक फार वरचा लागतो. याची कारणे त्याच्या रचनेतच आहेत. दंडाचे हाड आणि अग्रबाहूची दोन हाडे यांचे मिळून तीन सांधे एकाच संधिकोशात सामावलेले असतात. या हाडांचे पृष्ठभाग एकमेकांत घट्ट बसतात आणि पुढच्या बाजूने एक जाड स्नायू संधिकोशाला जवळजवळ चिकटूनच जातो. त्यामुळे हाड मोडणे, सांधा निखळणे किंवा दीर्घकाळ प्लॅस्टरमध्ये राहणे, यांपैकी कोणत्याही कारणाने संधिकोश जाड होऊन आक्रसतो आणि कोपर अर्धवट वाकलेल्या स्थितीत अडकून बसतो. अशा रुग्णाचा पंजा शाबूत असतो, बोटांत बळ असते. परंतु घास तोंडापर्यंत पोहोचत नाही, गळ्याशी गुंडी लावता येत नाही, केस विंचरता येत नाहीत. रुग्णाच्या जिवाला मात्र कोणताही धोका नसतो. शल्यचिकित्सेच्या इतिहासात या विकाराला जे वेगळे स्थान आहे, ते याच कारणामुळे. मरणाच्या दारातील रुग्णावर शस्त्र चालवताना जे नुकसान क्षम्य मानले जाते, ते केवळ हात अधिक वाकावा म्हणून केलेल्या शस्त्रक्रियेत क्षम्य मानता येत नाही.

या नुकसानीचा विचार करताना प्रथम एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. आजच्या वैद्यकीय मराठीत 'गुंतागुंत' हा शब्द सरसकट वापरला जातो. मूळ विकारातून पुढे उद्भवलेला त्रास आणि उपचारामुळे निर्माण झालेला त्रास, असे दोन्ही अर्थ त्यात मिसळून गेले आहेत. आयुर्वेदाच्या परिभाषेत यांसाठी दोन स्वतंत्र संज्ञा आहेत. मूळ व्याधीच्या मागून, तिच्यातूनच येणारा तो 'उपद्रव'. चिकित्साकर्म बिघडल्यामुळे होणारी ती 'व्यापद'. वमन, विरेचन, बस्ती या कर्मांच्या व्यापदांची चर्चा संहितांमध्ये विस्ताराने येते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तर आठ प्रकारच्या शस्त्रकर्मांच्या चार व्यापदा नेमक्या सांगितल्या आहेत : छेद कमी होणे, छेद अधिक होणे, छेद तिरपा जाणे आणि शस्त्र चालविणाऱ्याने स्वतःलाच कापून घेणे.

प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. तशा लेखनाचा आपल्याकडे तुटवडाही नाही. आखडलेला कोपर सोडविण्याची शस्त्रक्रिया आधुनिक युरोपात आणि नंतर अमेरिकेत घडली. सुश्रुताचा तिच्याशी ऐतिहासिक संबंध नाही. मात्र हीन, अतिरिक्त आणि तिर्यक् ही त्रयी या दोन शतकांच्या इतिहासाला विलक्षण लागू पडते. त्याहून महत्त्वाचे असे की, उपद्रव आणि व्यापद यांतील भेद लक्षात घेतला, तर या इतिहासातील एक सातत्य स्पष्ट होते. शस्त्रामुळे झालेले नुकसान दीर्घकाळ व्याधीच्या खात्यावर लिहिले जात होते आणि ते योग्य खात्यावर येण्यास प्रत्येक वेळी काही दशके लागली.

अतिरिक्त छेद : साइम ते मर्फी

अठराव्या शतकाच्या अखेरीस सडलेल्या सांध्यावर एकच खात्रीचा इलाज होता, तो म्हणजे अवयवच्छेद. लिव्हरपूलचे शल्यविशारद हेन्री पार्क यांनी १७८१ मध्ये एका खलाशाच्या गुडघ्याचा रोगग्रस्त सांधा कापून काढला आणि पाय वाचविला. १७८३ मध्ये आपले गुरू पर्सिव्हल पॉट यांना लिहिलेल्या पत्राच्या रूपाने त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली व कोपरासाठीही ती सुचविली. फ्रान्समध्ये मोरो यांनी १७९४ मध्ये कोपराचा सांधा काढण्याची शस्त्रक्रिया केली. ग्लासगोचे जेम्स जेफ्री यांनी १८०६ मध्ये पार्क आणि मोरो यांचे लेखन एकत्र प्रसिद्ध केले. त्याच पुस्तकात हाड कापण्यासाठी साखळीच्या करवतीचेही वर्णन आहे. आज जंगलात झाडे तोडणाऱ्या यंत्राची एक पूर्वज अशा रीतीने शस्त्रक्रियागृहात सापडते.

या शस्त्रक्रियेला प्रतिष्ठा मिळवून दिली ती एडिंबरोच्या जेम्स साइम यांनी. त्यांचा रोगग्रस्त सांध्यांच्या छेदनावरील ग्रंथ १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. भूल देण्याची पद्धत यायला अद्याप पंधरा वर्षे होती आणि जंतुनाशक पद्धतीला पस्तीसहून अधिक. साइम यांच्या युक्तिवादाचा गाभा साधा होता : हात कापण्यापेक्षा सांधा काढलेला हात केव्हाही श्रेयस्कर. या तुलनेत हात वाचणे हेच यश होते आणि मृत्यू हीच व्यापद. सांधा काढल्यानंतर कोपर किती वाकतो, किती डळमळतो, हे प्रश्न दुय्यम होते. त्या काळच्या ब्रिटिश शल्यग्रंथांत एका सुधारणेचा उल्लेख येतो. कोपराच्या आतल्या बाजूने, हाडाच्या खोबणीतून जाणारा अल्नार मज्जातंतू बाजूला धरून वाचवावा, असा आग्रह पॅरिसच्या ड्युप्यित्राँ यांनी धरला. याचा सरळ अर्थ असा, की तत्पूर्वी हा मज्जातंतू कापला जाणे हे शस्त्रक्रियेचे अपरिहार्य अंग मानले जात होते. करंगळी व अनामिकेची संवेदना गेलेला आणि पंजाची पकड ढिली झालेला रुग्ण बरा झाला म्हणूनच घरी जात असे.

१८६७ मध्ये लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धत मांडली आणि चित्र बदलले. लिस्टर हे साइम यांचे जावई. सासऱ्यांची शस्त्रक्रिया जावयाच्या शोधामुळे एका नव्या रुग्णवर्गासाठी खुली झाली, असे म्हणता येईल. जखम सडून मृत्यू येण्याचे भय कमी होताच, सांध्यात रोग नसलेल्या पण दुखापतीनंतर आखडलेल्या कोपरावरही छेदनाची शस्त्रक्रिया अधिक प्रमाणात होऊ लागली. साधन जुने राहिले आणि प्रयोजन बदलले. येथेच अतिरिक्त छेदाची व्यापद ठळक झाली. हाडांची टोके भरपूर काढली तर कोपर मोकळा होतो खरा. पण तो इतका मोकळा होतो की स्नायू आखडले की अग्रबाहू वर उचलण्याऐवजी दोरीला बांधल्यासारखा लोंबकळतो. अशा लटकत्या कोपराला चामड्याचा व लोखंडी पट्ट्यांचा आधार कायम बांधावा लागे. सडका सांधा काढलेल्या रुग्णाला हे चालून जात होते. परंतु काटकोनात ताठरलेल्या, वेदनारहित कोपराने शेतात किंवा गिरणीत काम करणाऱ्या मजुराला असा हात देणे म्हणजे त्याची कमाई हिरावून घेणे होते.

लियोंचे लेओपोल्ड ऑलिये यांनी यावर उपाय शोधला तो अस्थिवेष्टनात. हाडाच्या बाहेरील पातळ आवरण जपून ते हाडावरून सोलून घ्यावे व आतील हाड काढावे, म्हणजे स्नायूंची पकड टिकते आणि नवे हाड तयार होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. अस्थिपुनर्निर्मितीवरील त्यांचा ग्रंथ १८६७ मध्ये, तर छेदनशस्त्रक्रियांवरील बृहद्ग्रंथ १८८५ पासून प्रसिद्ध झाला. लटकत्या कोपराचे प्रमाण यामुळे कमी करता येणार होते. पण तयार होणारे नवे हाड शल्यविशारदाच्या इच्छेनुसार थांबत नाही. विशेषतः वाढत्या वयात ते इतके तयार होऊ शकते की सांधा पुन्हा हाडाने जोडला जातो. थोडे काढले तर पुन्हा ताठर, फार काढले तर लटकता! हीन आणि अतिरिक्त ही एकाच छेदाची दोन टोके आहेत आणि त्यांमधील जागा फार अरुंद आहे, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले.

पुढील पिढीने या अरुंद जागेत काहीतरी भरण्याचा प्रयत्न केला. शिकागोचे जॉन मर्फी यांनी १९०५ मध्ये, रुग्णाच्याच शरीरातील स्नायुवेष्टन व चरबीचा थर मोकळ्या केलेल्या हाडांच्या मध्ये बसविण्याची पद्धत मांडली. बाल्टिमोरचे विल्यम बेअर यांनी १९१८ मध्ये डुकराच्या मूत्राशयाचे प्रक्रिया केलेले पटल वापरल्याचे प्रसिद्ध केले. हे प्रयोग आज विचित्र वाटतात. तथापि मर्फी यांची मूळ कल्पना टिकली आणि संधिपृष्ठ नष्ट झालेल्या तरुण रुग्णांत ती पुढेही वापरली गेली. अस्थिरता ही तिची व्यापद मात्र तिच्याबरोबरच राहिली.

विश्रांती की हालचाल

शस्त्राचा प्रश्न येण्यापूर्वी कोपर आखडू नये म्हणून काय करावे, याविषयी ब्रिटन आणि फ्रान्समध्ये जो वाद झाला, त्याचा शोध घेतल्याशिवाय हा इतिहास अपुरा राहतो. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन टॉमस हे वेल्समधील हाडवैद्यांच्या घराण्यातील. वडील इव्हान टॉमस हे नामांकित हाडवैद्य होते. मुलाने वैद्यकीय पदवी घेतली आणि दुखावलेल्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्यावी, असा सिद्धान्त मांडला. त्याच काळात जेम्स पॅजेट यांनी १८६७ मध्ये एका व्याख्यानात, हाडवैद्य जे रुग्ण बरे करतात ते डॉक्टरांच्या हातून का सुटतात, असा अप्रिय प्रश्न आपल्या व्यवसायबंधूंना विचारला. व्हार्टन हूड या डॉक्टरांनी हटन या लंडनच्या हाडवैद्याकडून त्याची कला शिकून घेतली व १८७१ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. पॅरिसमध्ये ल्युका-शाँपियोन्येर यांनी तर मोडलेल्या हाडावरही लवकर मर्दन आणि हालचाल सुरू करण्याचा पुरस्कार केला.

गुडघा, घोटा, खांदा यांबाबत हालचालवाद्यांच्या म्हणण्यात पुष्कळ तथ्य होते. कोपराने मात्र त्यांना दगा दिला. ताज्या दुखापतीनंतर कोपर जोराने ताणला किंवा रगडला तर सांध्याभोवतीच्या मऊ भागात, विशेषतः पुढच्या स्नायूत, हाड तयार होऊ लागते आणि सांधा पूर्वीपेक्षा अधिक जखडतो. टॉमस यांचे भाचे रॉबर्ट जोन्स आणि त्यांच्या परंपरेतील रेजिनाल्ड वॉटसन-जोन्स यांनी कोपराच्या बाबतीत दुसऱ्याने केलेल्या ताणाविरुद्ध कठोर इशारे दिले. रुग्णाने स्वतः, स्वतःच्या स्नायूंनी केलेली हालचाल तेवढी इष्ट, हा नियम त्यातून रूढ झाला.

भारतीय अस्थिशल्यचिकित्सेशी या वादाचा प्रत्यक्ष संबंध येतो तो येथे. झाडावरून, पायरीवरून किंवा झोपाळ्यावरून पडलेल्या मुलाचा कोपर सुजला की त्याला प्रथम हाडवैद्याकडे नेऊन मालिश करून घेण्याची रीत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, तशीच शहरांतही, दीर्घकाळ चालत आली आहे. आठवडे उलटल्यावर निखळलेलाच राहिलेला किंवा स्नायूत हाड तयार झालेला कोपर घेऊन रुग्णालयात येणारे रुग्ण भारतीय वैद्यकीय वाङ्मयात वारंवार भेटतात. या मालिशीचे समर्थन कित्येकदा आयुर्वेदाच्या नावाने केले जाते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात कोपराच्या सांध्याविषयी जे सांगितले आहे ते असे : निखळलेला सांधा अंगठ्याने चोळावा, दाबून जागी आणावा, मग तो पसरून व आखडून पाहावा आणि स्नेहाचा सेक द्यावा. हे सांधा बसविण्याच्या वेळचे कर्म आहे. आठवडेच्या आठवडे सुजलेला सांधा रगडण्याचा आदेश त्यात वाचणे म्हणजे संहितेवर अन्याय आहे. शिवाय त्याच संहितेच्या शारीरस्थानात कूर्पर हे मर्म म्हणून सांगितले असून त्याच्या आघाताने हात लुळा पडतो, असे बजावले आहे. अर्थात सर्व दोष मालिशीच्या माथी मारणेही योग्य नव्हे. दुखापतीची तीव्रता, डोक्याची इजा आणि भाजणे यांमुळेही सांध्याभोवती हाड तयार होते. ते कोठे उपद्रव आहे आणि कोठे व्यापद, हे प्रत्येक रुग्णात तपासावे लागते.

हीन छेद : किती अंश पुरेसे?

विसाव्या शतकाच्या मध्यास शल्यविशारदांचे लक्ष हाडावरून संधिकोशाकडे वळले. फिलिप विल्सन यांनी १९४४ मध्ये, अस्थिभंगानंतर वाकलेल्या अवस्थेत आखडलेल्या कोपराचा पुढील संधिकोश कापून काढण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. सांध्याची हाडे जागच्या जागी ठेवून केवळ आक्रसलेले आवरण सोडवावे, हा विचार लटकत्या कोपराच्या अनुभवातून आलेला आहे. त्याची व्यापद उलट दिशेची ठरली. शस्त्रक्रियागृहात पूर्ण सरळ झालेला कोपर काही महिन्यांनी पुन्हा आखडू लागे. मिळालेल्या हालचालीचा काही हिस्सा परत जातो, हे आज सर्वमान्य आहे. पण दीर्घकाळ त्याची जबाबदारी रुग्णावर टाकली जात असे : त्याने व्यायाम केला नाही, त्याला वेदना सोसवल्या नाहीत, त्याची प्रकृतीच तशी. संधिकोशातील पेशींचा अभ्यास झाल्यावर दिसून आले की, दुखापतीनंतर आकुंचनशील पेशींची संख्या तेथे वाढलेली असते. शस्त्र ही स्वतःच एक दुखापत असल्याने तिच्या मागोमाग ही प्रक्रिया पुन्हा सुरू होऊ शकते. रुग्णाच्या आळसावर लिहिलेल्या नोंदीचा बराच मोठा भाग अशा रीतीने शरीरक्रियेच्या खात्यावर गेला.

हालचाल टिकविण्यासाठी यंत्रांचाही आश्रय घेण्यात आला. मॉस्कोचे व्होल्कोव्ह आणि ओगानेस्यान यांनी १९७५ मध्ये, हाडांत तारा घालून बाहेरून बसवायची आणि सांधा किंचित ओढून धरत हलविणारी बिजागरीची चौकट प्रसिद्ध केली. टोरांटोचे रॉबर्ट साल्टर यांनी सशांवरील प्रयोगांच्या आधारे, यंत्राने सांधा सतत संथपणे हलवीत ठेवण्याची कल्पना मांडली. पहिल्या उपायात तारांच्या छिद्रांतून जंतुसंसर्ग, तारा सैल होणे आणि जवळच्या मज्जातंतूला इजा होणे या व्यापदा आल्या. दुसरा निरुपद्रवी असला तरी खर्चिक आहे. कोपरासाठी त्याचा लाभ किती, याबाबत शल्यविशारदांत एकमत नाही.

परंतु छेद 'हीन' झाला असे केव्हा म्हणायचे? हे ठरवायला मोजमाप हवे. निरोगी कोपर पूर्ण सरळ म्हणजे शून्य अंशापासून सुमारे १४० ते १५० अंशांपर्यंत वाकतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये बर्नार्ड मॉरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३३ निरोगी व्यक्तींकडून १५ दैनंदिन कामे करवून घेतली आणि १९८१ मध्ये निष्कर्ष मांडला : बहुतेक कामे ३० ते १३० अंशांच्या टप्प्यात होतात, तसेच तळवा खाली व वर वळविण्यासाठी प्रत्येकी ५० अंश पुरतात. शंभर अंशांचा हा टप्पा तेव्हापासून जगभर कसोटी बनला. मॉरी यांनी मांसा यांच्याबरोबर १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ३८ कोपरांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेपूर्वी सरासरी ४९ अंश असलेला टप्पा ९४ अंशांपर्यंत गेल्याची नोंद आहे. बाह्य बाजूने जाऊन, अस्थिबंध राखून, केवळ संधिकोश सोडविण्याची ही पद्धत हीन व अतिरिक्त यांमधील अरुंद वाट शोधण्याचा बहुधा सर्वांत संयत प्रयत्न होय.

मात्र ही कसोटी जेथे तयार झाली तेथील जीवनाची आहे. काट्याने खाणे, सुरीने कापणे, सुरईतून पाणी ओतणे, वर्तमानपत्र वाचणे, खुर्चीवरून उठणे आणि दूरध्वनीचा रिसीव्हर कानाला लावणे, अशी कामे त्या यादीत होती. २०११ मध्ये सार्डेली आणि सहकाऱ्यांनी नव्या कामांची मोजणी केली, तेव्हा मोबाइल कानाला लावण्यासाठी कोपर १४० अंशांहून अधिक वाकवावा लागतो, तसेच संगणकाच्या कळफलकासाठी तळवा ५० अंशांहून अधिक खाली वळवावा लागतो, असे आढळले. तीस वर्षांत कोपर बदलला नव्हता. त्याच्याकडून अपेक्षित असलेले काम बदलले होते.

आपल्याकडील कामांचा विचार केला तर आणखी एक बाब पुढे येते. तळवा खाली वळत नसेल तर खांदा बाजूला उचलून ती उणीव बरीच भरून काढता येते. तळवा वर वळत नसेल तर मात्र खांद्याची अशी मदत जवळजवळ मिळत नाही. ओंजळीत पाणी घेणे, तळहातावर तीर्थ किंवा प्रसाद घेणे, जात्यात वैरण घालण्यासाठी पसा भरणे, ही सर्व कामे तळवा वर वळण्यावर अवलंबून आहेत. हाताने जेवणाऱ्याला घास तोंडात घालताना काट्याच्या लांबीचा आधार नसतो, म्हणून कोपर तेवढा अधिक वाकावा लागतो. मेयो क्लिनिकच्या तक्त्यावर यशस्वी ठरलेला रुग्ण पंक्तीत बसल्यावर अयशस्वी ठरू शकतो.

तिर्यक् छेद : दुर्बिणीचे युग

न्यूयॉर्कचे मायकेल बर्मन यांनी १९३१ मध्ये मृतदेहांच्या सांध्यांत दुर्बीण घालून पाहिली आणि कोपर या तपासणीस योग्य नाही, असा निर्वाळा दिला. पुढच्याच वर्षी त्यांनी आपले मत सौम्य केले. पण कोपराच्या दुर्बीणशस्त्रक्रियेला चालना मिळाली ती अँड्र्यूज आणि कार्सन यांच्या १९८५ च्या लेखानंतर. छोटी छिद्रे, कमी रक्तस्राव, हालचाल लवकर सुरू करण्याची मुभा, हे तिचे आकर्षण स्वाभाविक होते.

बर्मन यांची पहिली शंका मात्र निराधार नव्हती. कोपराच्या पुढच्या संधिकोशापासून काही मिलिमीटर अंतरावर रेडियल मज्जातंतूची शाखा जाते. निरोगी कोपरात द्रव भरला की संधिकोश फुगतो आणि मज्जातंतू शस्त्रापासून दूर सरकतात. आखडलेला कोपर फुगत नाही. गॅले, रिचर्ड्स आणि ओड्रिस्कॉल यांनी १९९३ मध्ये केलेल्या मोजणीत निरोगी कोपरात सुमारे १४ मिलिलिटर, तर आखडलेल्या कोपरात सुमारे ६ मिलिलिटर द्रव मावला. ज्या रुग्णाला दुर्बिणीची गरज सर्वाधिक, त्याच्याच कोपरात तिला जागा सर्वांत कमी असते. त्याच वर्षी जोन्स आणि सॅव्हॉय यांनी १२ रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकाच्या रेडियल मज्जातंतूची खोल शाखा कायमची निकामी झाली होती. १९९९ मध्ये स्वीडनमधील शल्यविशारदांनी नोंदविलेल्या एका प्रकरणात दुर्बिणीने कोपर सोडविताना मीडियन आणि रेडियल असे दोन्ही मज्जातंतू पूर्णपणे कापले गेले होते. काही अंश मिळविण्यासाठी टेबलावर गेलेल्या रुग्णाने जवळजवळ संपूर्ण पंजा गमावला, असाच त्याचा अर्थ आहे. असे प्रकरण लपविण्याऐवजी प्रसिद्ध करणे, हे त्या लेखकांचे मोठे काम म्हटले पाहिजे.

२००१ मध्ये केली, मॉरी आणि ओड्रिस्कॉल यांनी मेयो क्लिनिकमधील ४७३ दुर्बीणशस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. सांध्यातील गंभीर जंतुसंसर्ग ४ वेळा, म्हणजे ०.८ टक्के; किरकोळ व्यापदा ५० शस्त्रक्रियांनंतर, म्हणजे ११ टक्के; त्यांत १० रुग्णांतील १२ तात्पुरते मज्जातंतुदौर्बल्य. कायमची इजा एकही नाही. हे आकडे दिलासा देणारे आहेत, पण ते अतिशय अनुभवी हातांचे आहेत. या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखविली : तात्पुरत्या मज्जातंतुदौर्बल्याचा धोका आमवाताच्या आणि आखडलेल्या कोपरांत अधिक होता. संग्रहातील इतर कोपरांबरोबर आखडलेल्या कोपरांची सरासरी काढली की धोका कमी भासतो, हे वाचकाने लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

सुश्रुताची चौथी व्यापद, म्हणजे शस्त्र चालविणाऱ्यानेच स्वतःला कापून घेणे, आधुनिक लेखनात क्वचितच भेटते. हातमोजे येण्यापूर्वीच्या काळात तीही प्राणघातक ठरू शकत होती.

छेदाविना व्यापद

त्रयीत न बसणारी एक व्यापद अखेरीस पाहिली पाहिजे, कारण ती छेद चुकल्यामुळे होत नाही. तो अचूक झाल्यामुळे होते. अल्नार मज्जातंतू कोपराच्या मागून जातो. फाइंडेल आणि स्ट्रॅटफर्ड यांनी १९५८ मध्ये त्या मार्गाला स्वतंत्र नाव दिले. कोपर वाकला की हा मज्जातंतू ताणला जातो आणि त्याची वाट अरुंद होते. वर्षानुवर्षे ९० अंशांपलीकडे न वाकलेल्या कोपरात तो आखूडच राहिलेला असतो, आजूबाजूच्या ऊतींना चिकटलेला असतो. संधिकोश सुटतो, कोपर १३० अंशांपर्यंत वाकतो, शल्यविशारद समाधानी होतो. आणि काही दिवसांनी रुग्ण करंगळी बधिर झाल्याची तक्रार करतो. दुखतेय म्हणून तो कोपर वाकवीत नाही आणि मिळविलेली हालचाल पुन्हा जाऊ लागते.

अशा रुग्णाची नोंद पूर्वी 'पुन्हा आखडला' अशी होत असे. ब्लोना, हफमन आणि ओड्रिस्कॉल यांनी २०१४ मध्ये या उशिरा दिसणाऱ्या मज्जातंतुदाहाचे स्वतंत्र वर्णन केले, तेव्हा हा उलगडा झाला. कोपर आखडला म्हणून मज्जातंतू दुखत नव्हता. मज्जातंतू दाबला गेला म्हणून कोपर आखडत होता. ज्यांचा कोपर ९० ते १०० अंशांपलीकडे वाकत नाही, त्यांचा अल्नार मज्जातंतू त्याच शस्त्रक्रियेत मोकळा करावा, असे मत यातून पुढे आले. तो सर्वांचाच करावा काय, याबाबत मतभेद आहेत, कारण मज्जातंतू हाताळणे हीसुद्धा इजाच आहे. ड्युप्यित्राँ यांच्या काळी जो वाचवावा असा आग्रह धरावा लागला, तोच मज्जातंतू दोन शतकांनी पुन्हा वादाच्या केंद्रस्थानी आहे.

प्रतिबंधाचीही व्यापद असते, याचे उदाहरण २०१० मध्ये अमेरिकेत मिळाले. नितंबसंधीच्या शस्त्रक्रियेनंतर अनावश्यक हाड तयार होऊ नये म्हणून अल्प मात्रेत किरणोपचार देण्याची पद्धत रूढ होती. कोपराच्या ताज्या दुखापतीनंतर तोच उपाय करून पाहण्यासाठी हमीद आणि सहकाऱ्यांनी तुलनात्मक चाचणी हाती घेतली. ती अर्ध्यावरच थांबवावी लागली. किरणोपचार मिळालेल्या २१ रुग्णांपैकी ८ जणांचे, तर न मिळालेल्या २४ पैकी केवळ एकाचे हाड जुळले नव्हते. नको असलेले हाड रोखणारा किरण हवे असलेले हाडही रोखत होता. तुलनेसाठी दुसरा गट नसता, तर ही न जुळलेली आठ हाडे मूळ दुखापतीच्या तीव्रतेवर लिहिली गेली असती. मोडलेले हाड कधी कधी जुळत नाही, हे सर्वांनाच ठाऊक आहे.

आखडलेल्या कोपराच्या रुग्णाची शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी या अनुभवांतून अधिक काटेकोर झाली आहे. कोपर किती अंशांत वाकतो आणि सरळ होतो, तळवा दोन्ही बाजूंना किती वळतो, कोणते काम त्याला करावयाचे आहे, हे लिहून ठेवले जाते. त्याबरोबरच करंगळीच्या टोकाची संवेदना आणि बोटे फाकविण्याचे बळ तपासून त्यांचीही नोंद केली जाते. शस्त्रक्रियेनंतर करंगळी बधिर झाली, तर ती मूळ दुखापतीची की शस्त्राची, हे त्या एका नोंदीवरूनच ठरते.